गिऱ्हाइकाच्या हातातला कागद

पुण्याहून नगरकडे निघालं आणि शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो, आजचा अहिल्यानगर. वाडेगव्हाण मागे टाकून पुढे गेलं की सुपा येतं. इथून एक रस्ता पारनेरला जातो. पारनेर तालुका कमी पावसाचा. बाजरी, मूग, वाटाणा, कांदा आणि दूध यांवर इथली घरं चालली. मग औद्योगिक वसाहत आली, वाढली, जपानी उद्योगांसाठी वेगळी जागा राखली गेली, वातानुकूलन यंत्रांचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या पाठोपाठ खानावळी, गॅरेज, वेल्डिंगची दुकानं, टेम्पोवाले आणि भाड्याच्या खोल्या आल्या.

दुकानदाराच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल झाला तो गिऱ्हाइकात. पूर्वी गल्ल्यावर बसलेल्या माणसाला समोरचा कोणत्या वाडीचा, कुणाचा जावई, कांदा कधी विकणार, उधारी कधी फेडणार, हे सगळं ठाऊक असे. गिऱ्हाइकालाही दुकानदाराच्या मागच्या दोन पिढ्या माहीत असत. आज शिफ्ट सुटल्यावर दारात येणारा तरुण बिहारचा किंवा ओडिशाचा असतो आणि काही महिन्यांनी तो दुसऱ्या गावी गेलेला असतो. त्याला जादा पैसे लावले तर उद्या कुणा सोयऱ्याला तोंड कसं दाखवायचं, ही पंचाईत होत नाही. ओळख जो वचक आणि जो विश्वास सांभाळत होती, तो आता कशाने सांभाळायचा?

ग्राहकसेवेवरच्या व्याख्यानांत याचं उत्तर हसतमुख वागणूक, गोड बोलणं, सणाला शुभेच्छांचा संदेश असं मिळतं. वागणूक चांगली हवीच. पण या भागाचा इतिहास थोडा खोलात पाहिला तर गिऱ्हाइकाला याहून कितीतरी निकडीची एक गोष्ट हवी असते असं दिसतं. आपल्या व्यवहारात काय चाललंय ते त्याला कळायला हवं असतं, आणि कळलेलं त्याच्या हातात लिहून हवं असतं.

दीडशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका शेतकऱ्याने नगरच्या कलेक्टरला अर्ज लिहिला. सावकारांविरुद्ध झालेल्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या कागदांत तो सापडतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. घरखर्च भागत नाही म्हणून आम्हाला सावकाराकडे पैसा, कापड आणि धान्य मागावं लागतं. रोखीने घेणाऱ्याला जो भाव, त्यापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जास्त भाव आम्हाला लावला जातो. शेतातला माल सावकार घेऊन जातो, खात्यावर जमा करतो म्हणतो, पण वहीत त्याची नोंद होत नाही. आणि नेलेल्या मालाची पावतीही देत नाहीत.

हा अर्ज वाढीव भावापाशी थांबत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. महाग कर्जाचं दुःख त्यात आहेच. पण शेवटची तक्रार नोंदीची आणि पावतीची आहे. आपण किती दिलं, किती राहिलं, हे सांगणारी एकच वही होती आणि ती समोरच्याच्या घरात होती.

ज्या दंग्यांमुळे हा आयोग नेमला गेला त्यांचं नाव काढलं की सुप्याचं नाव निघतं. ते सुपे मात्र वेगळं, तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यातलं. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला. पण त्याआधीची ठिणगी पारनेरच्या सुप्याच्या बरीच जवळ पडली होती. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने कर्जापोटी बाबासाहेब देशमुखांच्या घरावर हुकूमनामा मिळवला आणि घर पाडायला घेतलं. गावाने त्याच्यावर बहिष्कार घातला. त्याच्या शेतात कुणी राबेना, न्हावी, परीट, पाणक्या कुणी त्याच्या दारी जाईना. शेवटी तो शिरूरला निघून गेला. त्यानंतरची लाट पुणे जिल्ह्यातून पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरली.

जमावाने मागितलं काय, तर कर्जरोखे. जिथे सावकाराने रोखे काढून दिले तिथे बहुतेक वेळा माणसाला हात लागला नाही. कागद फाडले, जाळले आणि लोक घरी गेले. या रागाला कारण होतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं होतं. हेतू कर्जदाराच्या संरक्षणाचा. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहिला जाऊ लागला आणि वाचता न येणारा माणूस त्यावर अंगठा उठवू लागला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला तेव्हा कर्ज सहज मिळालं होतं. १८६५ नंतर भाव कोसळले, सारा वाढला, आणि सावकाराने हात आखडता घेतला. त्या घडीला आपल्या नावावर किती आहे हे विचारायला गेलेल्या माणसाला समजेल असं उत्तर मिळत नव्हतं. सावकाराच्या बाजूनेही बोलायला हवं. दुष्काळी मुलुखात पैसा बुडण्याचा धोका खरा होता आणि अडल्या वेळी साऱ्याचा हप्ता तोच भरत होता. पण एकाच्याच वहीवर चालणाऱ्या धंद्यात खरा हिशेबसुद्धा खोटा वाटू लागतो. प्रामाणिक सावकाराचं नुकसान तिथेच झालं.

आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. शाळेच्या पुस्तकात त्याचा उल्लेख कर्जदाराला तुरुंगवासापासून वाचवणारा, न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायला सांगणारा कायदा असा येतो. मला त्यातलं एक दुर्लक्षित प्रकरण जास्त मोलाचं वाटतं, ते पावत्या आणि हिशेबाचं. शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती मिळण्याचा त्याला हक्क. वर्षातून एकदा खात्याचा उतारा मागण्याचा हक्क. आणि आपल्याजवळ एक पासबुक ठेवून त्यात सावकाराकडून वेळोवेळी नोंद करून घेण्याचा हक्क. पाळलं नाही तर सावकाराला दंड. रोखासुद्धा गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहायचा आणि त्याच्यासमोर सही करायची. आज बँकेत आपण पासबुक भरून घेतो ते सवयीने. इथल्या शेतकऱ्याला पासबुकाचा हक्क दंगा झाल्यावर मिळाला होता.

या कायद्याच्या अंमलाशी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचा जवळून संबंध आला. या चार जिल्ह्यांतल्या खटल्यांवर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणून त्यांनी अनेक वर्षं काम केलं. कायद्याने सगळं सुधारलं असं झालं नाही. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याची वाट सावकारांनी काढली. आणि पावतीच्या प्रकरणातही एक कमजोर जागा होती: वर्षाचा उतारा कर्जदाराने मागायचा होता. ज्याच्या दारात पुढच्या पेरणीसाठी पुन्हा उभं राहायचंय, त्याच्याकडे हिशेब मागायची छाती किती जणांना होईल?

माझ्या मते आजच्या धंद्याने घ्यायचा धडा इथे आहे. गिऱ्हाईक मागत नाही म्हणजे त्याला नको असतं असं नाही. गॅरेजमध्ये गाडी उघडी पडलेली असताना, दवाखान्यात आई आत असताना, उधारीवर खत घेताना माणूस विचारायला संकोचतो. आपण संशय घेतोय असं वाटेल, काम अडेल, उद्या उधार मिळणार नाही, ही भीती असते. म्हणून पावती, अंदाज, हिशेब हे त्याने मागण्याआधी द्यायचे असतात. मागितल्यावर दिलेला हिशेब नियम पाळतो. न मागता दिलेला हिशेब विश्वास कमावतो.

याच रस्त्यावर त्याचं एक मोठं उदाहरण घडलं. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली. गाडीत बसलेल्या अनोळखी माणसालाही ठरलेल्या टप्प्यांप्रमाणे ठरलेलं भाडं आणि हातात छापील तिकीट. घासाघीस नाही, आणि वाहकाची ओळख असण्याचीही गरज नाही. टप्प्यांवर भाडं मोजण्याची ती पद्धत आजही चालते; आता टप्पा सहा किलोमीटरचा असतो. १ जून २०२२ रोजी विजेवरची पहिली ‘शिवाई’ गाडी सुटली तीही याच मार्गावर. गाड्या बदलल्या, भाडं बदललं, पण पैसे दिल्यावर तिकीट हातात पडलंच पाहिजे ही अपेक्षा खेड्यातल्या आजीच्याही अंगवळणी पडली. माणसाला एकदा अशी सवय लागली की तो ती दुसऱ्या दुकानातही शोधतो.

पुढे १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत बिल किंवा पावती न देणं स्पष्टपणे घातलेलं आहे. तसंच, सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. पावतीबद्दलचं जे कलम १८७९ मध्ये चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी होतं, ते १४० वर्षांनी देशातल्या प्रत्येक ग्राहकासाठी आलं.

आता सुप्यासारख्या गावातल्या दुकानांकडे येऊ. कृषी सेवा केंद्र घ्या, कारण तिथे चुकलं तर शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याने साठा आणि भाव यांचा फलक लावायचा असतो आणि प्रत्येक खरेदीचं बिल द्यायचं असतं. त्या बिलावर वाण, कंपनी, लॉट नंबर आणि तारीख असली तरच त्याला अर्थ आहे. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून मोठ्या संख्येने तक्रारी झाल्या. अशा वेळी तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते, आणि शेतकऱ्याकडे बिल, पिशवी, तिच्यावरचा टॅग, जमल्यास थोडं उरलेलं बियाणं आहे का ते पाहते. ‘उद्या देतो बिल’ म्हणून राहून गेलेला कागद तिथे आडवा येतो.

पण चांगला विक्रेता बिलावर थांबत नाही. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, किती उगवतात मोजा, सोयाबीनचे सत्तर तरी उगवले पाहिजेत, हे तो सांगतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला दाराशी मोठ्या अक्षरात लावतो. एखादी पिशवी कमी खपेल, पण ज्याचं बियाणं वाया गेलं नाही तो पुढच्या जूनमध्ये त्याच दारात येतो. याला जाहिरात लागत नाही.

दूध संकलन केंद्रावर ही गोष्ट रोज सकाळ-संध्याकाळ घडते. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक) आणि दर असतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेलं की कपात. चिठ्ठी हातात येते, तरी कुरबूर राहतेच. कारण आकडा कळतो, आकड्यामागचं कारण कळत नाही. फॅट अचानक उतरलं तर गाईच्या खाण्यात सुका चारा कमी पडतोय का, कोवळं हिरवं जास्त झालंय का, असं केंद्रचालकाने विचारलं तर शेतकऱ्याला यंत्रावर संशय घ्यायची वेळ येत नाही. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो तेव्हा कपातीची प्रत्येक ओळ वेगळी दिसली पाहिजे. पशुखाद्याची उचल, आगाऊ रक्कम, सभासद वर्गणी हे सगळं ‘इतर’ या एका शब्दाखाली घातलं की मिरजगावच्या अर्जातली तक्रार पुन्हा सुरू होते.

गॅरेज आणि खानावळीचं थोडक्यात सांगतो. दुरुस्ती सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज लिहून द्यावा, आत आणखी काही निघालं तर हात लावण्याआधी फोन करावा, बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवावा. खानावळीत महिन्याचं कार्ड असेल तर खाडे कसे धरणार हे पहिल्याच दिवशी सांगावं, आणि ज्या गावात निम्मी गिऱ्हाइकं हिंदी बोलतात तिथे फलकावर हिंदीही असावी. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यालाही यात कमीपणा वाटायचं कारण नाही; समोरच्याला कळेल अशा भाषेत भाव सांगणं हा धंद्याचा धर्म आहे.

थांबायला लावण्याबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे असतं. डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनाविषयी एक लेख लिहिला, तो अजून वाचला जातो. त्याची निरीक्षणं साधी आहेत. किती वेळ लागणार हे माहीत नसेल तर थांबणं लांबतं. उशीर का होतोय हे सांगितलं नाही तर ते आणखी लांबतं. रिकाम्या हाताने थांबणं कामात असताना थांबण्यापेक्षा जड जातं. म्हणजे ‘होईल, बसा’ यापेक्षा ‘पुण्याहून पार्ट येतोय, चार वाजतील, तोवर घरी जाऊन या’ हे वाक्य ऐकणाऱ्याला हलकं करतं, जरी गाडी त्याच वेळी मिळणार असली तरी. पण साडेतीनला कळलं की पार्ट आलाच नाही, तर साडेतीनलाच फोन गेला पाहिजे. चार वाजता गिऱ्हाईक दारात आल्यावर सांगितलेलं कारण कितीही खरं असलं तरी सबबच वाटते.

कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना हे वेगळ्या तऱ्हेने शिकावं लागतं. त्यांचं गिऱ्हाईक एकच, पण मोठं. जपानी कंपन्यांत ‘होरेन्सो’ नावाची शिस्त असते: जे घडलं ते वेळेत कळवणं, संबंधितांना खबर देत राहणं आणि निर्णयाआधी सल्ला घेणं. तिचा गाभा असा की वाईट बातमी सगळ्यात आधी पोचली पाहिजे. प्लेटिंगचा माल उद्या मिळणार नाही हे आज सकाळी कळवलं तर कारखाना आपलं नियोजन बदलू शकतो. उद्या दुपारी लाइन थांबल्यावर कळवलं तर पुरवठादाराची वर्षानुवर्षांची मेहनत एका दिवसात विसरली जाते. आपल्याकडे वाईट बातमी शेवटपर्यंत दाबून ठेवण्यात समोरच्याचा मान राखला असं अनेकांना मनापासून वाटतं. मला ही समजूत फार नुकसानीची वाटते. लॉट नाकारला गेला की कारण शोधून लेखी कळवणं, पुढच्या लॉटमध्ये काय बदललं ते दाखवणं, हेच त्या धंद्यातलं ग्राहकाशी बोलणं.

तक्रार आली की तीही लिहून घ्यावी. तारीख, काय बिघडलं, कधी उत्तर देणार, आणि त्याची नक्कल तक्रार करणाऱ्याला. तोंडी तक्रार दोघांच्या आठवणीत वेगवेगळी वाढत जाते. एवढं करूनही मिटलं नाही तर ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोलता येतं, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. २०१९ च्या कायद्याने आणखी एक सोय केली: ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. सुप्यात मोबाइल घेऊन ओडिशाला परतलेला कामगार आपल्या जिल्ह्यात बसून सुप्याच्या दुकानदाराविरुद्ध दाद मागू शकतो. परका माणूस पुन्हा भेटणार नाही, या हिशेबाने चालणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

आणि आयोगात पहिल्यांदा पाहिला जातो तो बिलाचा कागद. तो दुकानदारालाही तितकाच तारतो. बिलावर हमीची मुदत, परत घेण्याची अट, बियाणं असेल तर उगवण तपासून पेरण्याची सूचना छापलेली असेल आणि खाली गिऱ्हाइकाची सही असेल, तर काय ठरलं होतं यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. छापील बिलबुकाला येणारा खर्च एका वादात गेलेल्या दिवसाच्या गल्ल्यापेक्षा कमी असतो.